निनांवी चाली आणि त्यांचे चाहते

संगीताच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजदरबार, देवळें, नाटकगृहें आणि मैफली उभ्या राहतात. मुलांच्या खेळण्याच्या यंत्रांतून निघणारा किणकिणाट हाही त्या इतिहासांत धरावयाचा विषय आहे, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटणार नाहीं. घरांतील नातवंडें पडद्यापुढें बसून व्हिडिओ गेम खेळूं लागलीं कीं 'तो आवाज जरा कमी करा' असें म्हणावयाचें, एवढाच आपला त्या संगीताशीं संबंध. परंतु वडील मंडळी जिला कटकट म्हणतात तींत पुढच्या पिढीची आठवण घडत असते, हा अनुभव नवा नाहीं. या खेळांतील चालींवर जीव जडलेल्या हौशी वादकांनीं, कित्येकदां एकमेकांचें तोंडही न पाहतां, मोठमोठे ध्वनिसंग्रह कसे सिद्ध केले, आणि त्यांच्या हातून एका जुन्या ऋणाची फेड कशी झाली, ही हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम या संगीताच्या जन्माकडे पाहूं. जपानांत १९७८ सालीं 'स्पेस इन्व्हेडर्स' नांवाचा खेळ निघाला. तोमोहिरो निशिकादो हे त्याचे कर्ते. आकाशांतून रांगा धरून उतरणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडावयाच्या, एवढाच तो खेळ. त्याचें पार्श्वसंगीत म्हणजे उतरत्या क्रमाचे अवघे चार स्वर. परंतु शत्रु जसजसे वेगानें चालूं लागत तसतशी त्या चार स्वरांची लयही चढत जाई, आणि खेळणाराची छाती धडधडूं लागे. खेळाची गति आणि संगीताची लय यांची गांठ अशी पडली.

पुढें १९८२ सालीं अमेरिकेंत 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक आला. त्याच्या ध्वनियंत्रांतून एका वेळीं तीनच आवाज निघत. १९८३ सालीं जपानांत निन्टेन्डो कंपनीचें 'फॅमिकॉम' हें खेळयंत्र आलें. त्यांत पांच आवाजांची सोय होती; पण त्यांतला एक निव्वळ फुसफुसाटाचा, म्हणजे ढोलताशाचें काम ज्याच्याकडे सोंपवावयाचें असा. १९९० च्या 'सुपर फॅमिकॉम' मध्यें ही संख्या आठांवर गेली, तरी ध्वनीसाठीं राखलेली जागा एकंदर ६४ किलोबाइट होती. आज मोबाईलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा डबींत वाद्यें, ताल आणि चाल हें सर्व कोंबून बसविण्याची कसरत त्या वेळच्या रचनाकारांस करावी लागे.

या टंचाईचा परिणाम मात्र मोठा मौजेचा झाला. शंभर वाद्यांचा ताफा हाताशीं असला म्हणजे दुबळी चालही थाटामाटांत खपून जाते. तीनच आवाज असले म्हणजे चालीला स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागतें. शिवाय खेळणारा एकाच टप्प्यावर तासन्‌तास अडकून पडतो आणि तीच लहानशी चाल पुनः पुनः वाजत राहते. शंभराव्या वेळींही वीट येऊं नये अशी चाल बांधणें हें सोपें काम नव्हे. उरलेला भरणा ऐकणाराच्या मनानें करावयाचा. यंत्रांतून तीन आवाज निघत; मुलाच्या मनांत मात्र अख्खा वाद्यवृंद वाजत असे. तें मूल मोठें झालें, हातीं गिटार किंवा पियानो आला, घरीं संगणक आला, आणि मनांतला तो वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकावा व इतरांस ऐकवावा अशी इच्छा त्याला झाली. चाहत्यांनीं केलेल्या पुनर्रचनांचें मूळ येथें आहे.

जाणत्या मंडळींनींही या संगीताची दखल हळूहळू घेतली. कोइची सुगियामा हे चित्रवाणी व जाहिराती यांच्या संगीतानें नांवाजलेले जपानी संगीतकार. त्यांनीं १९८६ सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळास संगीत दिलें आणि दुसऱ्याच वर्षीं, १९८७ सालीं, टोकियोंत तें संगीत पूर्ण वाद्यवृंदाकडून जाहीर मैफलींत वाजविलें. २३ जुलै २०२१ रोजीं टोकियोंतील ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनांत निरनिराळ्या राष्ट्रांचीं पथकें मैदानांत शिरलीं तीं या खेळांच्याच संगीतावर, आणि आरंभींची चाल सुगियामा यांची होती. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळासाठीं कोजी कोंदो यांनीं बांधलेली चाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०२३ सालीं जतन करण्यायोग्य राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादींत घातली. खेळाच्या संगीताला त्या यादींत मिळालेली ही पहिली जागा होय.

परंतु सुगियामा आणि कोंदो यांची गोष्ट वेगळी. पुष्कळांच्या वांट्यास ही कीर्ति आली नाहीं. ज्यांनीं या चाली बांधल्या त्यांचीं खरीं नांवेंसुद्धां त्या काळीं कित्येकदां बाहेर येत नसत. आपले कारागीर दुसऱ्या कंपनीनें पळवूं नयेत म्हणून जपानांतील कित्येक कंपन्या त्यांचीं नांवें झांकून ठेवीत आणि खेळाच्या शेवटीं येणाऱ्या नामावलींत टोपणनांवें घालीत. १९९१ सालीं कॅपकॉम कंपनीनें 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ काढला. जगभर त्याचा बोलबाला झाला. त्यांतील बहुतेक चाली योको शिमोमुरा या तरुण स्त्रीनें बांधलेल्या होत्या. मुलें त्या चाली शीळ घालून म्हणत, पण त्या बांधणारी कोण हें त्यांना ठाऊक नव्हतें. कारण पडद्यावर तिचें टोपणनांव येई. घरोघर पोंचलेली चाल आणि कोणासही ठाऊक नसलेला तिचा कर्ता, असा हा विषम व्यवहार होता.

आपल्या जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस आठवेल कीं पदाच्या माथ्यावर राग व ताल यांच्या जोडीला 'चाल' म्हणून एखाद्या मूळ गाण्याचे आरंभींचे शब्द छापलेले असत. पद नवें, पण चाल अमक्या गाण्यावरून घेतली, ही कबुली त्यांत उघडपणें दिलेली असे. त्यानें नव्या पदाची किंमत कमी होत नसे. उलट ऐकणाराला दोन्हींचा ताळा घेतां येई. हा लहानसा रिवाज ध्यानांत ठेवावा, म्हणजे पुढील हकीकतीचें मर्म कळण्यास मदत होईल.

११ डिसेंबर १९९९ रोजीं डेव्हिड लॉइड या अमेरिकन गृहस्थांनीं 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' या नांवानें इंटरनेटवर एक उपक्रम सुरू केला. खेळांतील चाली घेऊन हौशी मंडळींनीं केलेल्या पुनर्रचना तेथें कोणासही फुकट ऐकावयास मिळूं लागल्या. आलेली प्रत्येक रचना स्वीकारली जाई असें मात्र नव्हे. पुढें परीक्षकांचें मंडळ नेमण्यांत आलें, आणि त्याची कसोटी दुहेरी होती. मूळ चाल ओळखूं आली पाहिजे, आणि तरीही ती नुसती नक्कल असतां कामा नये. आपल्याकडे गवय्याकडून आपण हीच अपेक्षा करतों. चीज गुरूची, पण विस्तार स्वतःचा. तिसरी एक गोष्ट तेथें पहिल्यापासून पाळली गेली. प्रत्येक रचनेबरोबर खेळाचें नांव, मूळ चालीचें नांव आणि ती बांधणाराचें नांव नोंदलें जाई. कंपन्यांनीं जीं नांवें झांकलीं तीं शोधून काढून लिहिण्याचें काम या चाहत्यांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. आज त्या भांडारांत चार हजारांहून अधिक रचना आहेत आणि कर्त्याच्या नांवावरूनही त्या शोधतां येतात.

सुटी सुटी गाणीं करणें निराळें आणि अनेकांनीं मिळून एक सलग ग्रंथ सिद्ध करावा तसा संग्रह करणें निराळें. या मंडळींचा पहिला मोठा संग्रह २००३ सालीं निघाला. 'सुपर मेट्रॉइड' या १९९४ च्या खेळावरचा. त्याचें नांव 'रेलिक्स ऑफ द चोझो'. २००४ सालीं 'डाँकी काँग कंट्री' या खेळावरचा संग्रह आला. २००७ सालीं 'फायनल फँटसी ७' या खेळाला दहा वर्षें झालीं त्या सुमारास, नोबुओ उएमात्सु यांच्या संगीतावर आधारलेला ४५ रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. हीं सर्व कामें बिनपगारी. आणि संग्रह ऐकणारालाही फुकट.

आतां हें काम चालतें कसें तें पाहण्यासारखें आहे. एक जण संयोजक होतो. तो मूळ खेळांतील सर्व चालींची यादी करतो आणि कोण कोणती चाल घेणार असें विचारतो. येथेंच पहिली अडचण. ज्यांनीं शाळेंत स्नेहसंमेलनाचें नाटक बसविलें आहे त्यांना ती लगेच कळेल. सर्वांनाच शिवाजी व्हावयाचें असतें. भालदार होण्यास कोणी तयार नसतो. तसेंच युद्धप्रसंगाच्या गाजलेल्या चालीवर दहा जण हक्क सांगतात, आणि दुकानांत शिरतांना वाजणारी साधी चाल कोणासही नको असते. पण ती गाळली तर संग्रह पुरा होत नाहीं. म्हणून संयोजकाला एकाची समजूत घालावी लागते, दुसऱ्याला उत्तेजन द्यावें लागतें, आणि अखेर राहिलेली चाल पुष्कळदां स्वतःच्या माथीं घ्यावी लागते.

दुसरी अडचण मुदतीची. पगार नाहीं तेथें धाक कसला? एकाची परीक्षा येते, एकाला नोकरी लागते, एकाचें लग्न ठरतें, आणि चाल अर्धवट राहते. यावर रूढ झालेला उपाय असा कीं ठराविक तारखांना कच्ची रचना दाखवावयाची. जो दाखवणार नाहीं त्याची चाल दुसऱ्यास मोकळी. हा नियम कठोर वाटतो. पण तो नसला तर वेळेवर काम करणारांचे श्रमही अडून राहतात. दोन-दोन, तीन-तीन वर्षें असे संग्रह रेंगाळतात, आणि कांहीं तर कायमचे बुडतात.

तिसरी अडचण एकसूत्रीपणाची. एक जण सतार घालतो, दुसरा विजेची गिटार, तिसरा केवळ संगणकाचे नाद. एकाचें ध्वनिमुद्रण घरच्या खोलींत झालेलें, दुसऱ्याचें व्यवस्थित स्टुडिओंत. हे सर्व एका माळेंत ओंवावयाचे म्हणजे अखेरीस एका जाणत्या माणसानें साऱ्या रचनांची आवाजपातळी आणि नादाचा पोत जुळवून घ्यावयाचा असतो. मास्टरिंग म्हणतात तें हेंच काम. मग क्रम लावावयाचा, मुखचित्र काढावयाचें, आणि शेवटीं नामावलि सिद्ध करावयाची. कोणी व्हायोलिनचे चार सूर वाजविले, कोणी एका ओळीपुरता गळा दिला, तरी त्याचें नांव राहून चालत नाहीं. ज्या कामांत पैसा नाहीं त्यांत नांव हेंच वेतन. आणि वेतन चुकतें करण्यांत हयगय झाली कीं पुढच्या कामास माणूस येत नाहीं.

अशा कष्टांचें फळ कसें मिळालें याचीं दोन उदाहरणें देतों. २००६ सालीं 'ब्लड ऑन द अस्फाल्ट' या नांवाचा संग्रह निघाला. तो 'स्ट्रीट फायटर २' च्याच पुढच्या आवृत्तीच्या संगीतावर होता. म्हणजे शिमोमुरा यांच्या चाली त्याच्या मुळाशीं होत्या. तो कॅपकॉम कंपनीच्या कानीं गेला. खेळाची नवी आवृत्ति काढावयाची ठरली तेव्हां कंपनीनें याच हौशी मंडळींकडे संगीताचें काम सोंपविलें, आणि २००८ सालीं तो खेळ त्यांच्या संगीतासह बाजारांत आला. ज्या कंपनीच्या नामावलींत मूळ रचनाकार टोपणनांवानें वावरत होती, त्याच कंपनीच्या दाराशीं चाहते उजळ माथ्यानें गेले, हा काळाचा महिमा होय.

दुसरें उदाहरण अधिक हृद्य आहे. 'डाँकी काँग कंट्री २' या १९९५ सालच्या खेळाचे संगीतकार डेव्हिड वाइज हे इंग्रज. २०१० सालीं चाहत्यांनीं त्या खेळावर संग्रह काढला. त्यांतील अखेरची रचना खुद्द वाइज यांची आहे. आपल्याच पंधरा वर्षांपूर्वींच्या चालीवर त्यांनीं नवा साज चढविला, आणि त्या काळच्या सहकाऱ्यांपैकीं ग्रँट कर्कहोप यांनीं गिटार व रॉबिन बीनलँड यांनीं तुतारी वाजवून साथ केली. गुरु शिष्यांच्या रांगेंत येऊन बसले. पैसे देऊन असा प्रसंग घडवून आणतां येत नाहीं.

परंतु या चित्राची दुसरीही बाजू आहे. ज्या चालीवर आपण वर्षानुवर्षें श्रम केले ती कायद्यानें दुसऱ्याची असते. प्रसिद्ध झालेलें गाणें ठराविक मोबदला देऊन पुनः ध्वनिमुद्रित करण्याची मुभा अमेरिकन कायद्यांत १९०९ पासून आहे; पण त्या मुभेंत मूळ चालीचें स्वरूप पालटण्याची परवानगी नाहीं, आणि पुनर्रचना म्हणजे तर स्वरूप पालटणेंच. फुकट वांटलें म्हणून हक्काचा प्रश्न मिटत नाहीं. २००९ सालीं 'क्रोनो ट्रिगर' या खेळावरून कांहीं चाहत्यांनीं बरींच वर्षें खपून एक नवा खेळ जवळजवळ पुरा केला होता. प्रसिद्धीस थोडे दिवस उरले असतां मालक कंपनी स्क्वेअर एनिक्स हिची कायदेशीर नोटीस आली आणि सारें काम थांबलें. तें संगीताचें काम नव्हतें. पण अशी नोटीस आपल्यावरही येऊं शकते, हें संगीत करणारांनाही त्यावरून कळून चुकलें.

तीन वर्षांनीं हीच वेळ त्यांच्यावर आली. 'फायनल फँटसी ६' या १९९४ च्या खेळावर 'बॅलन्स अँड रुइन' हा पांच तबकड्यांचा, ७४ रचनांचा भव्य संग्रह सिद्ध होत होता. त्याचे संयोजक अँड्र्यू अव्हेर्सा. तबकड्या छापण्याच्या खर्चासाठीं २०१२ सालीं लोकांकडून वर्गणी मागण्यांत आली, तेव्हां त्याच कंपनीच्या हरकतीमुळें ती मध्येंच थांबवावी लागली. येथें हातघाईवर न येतां संयोजकांनीं कंपनीशीं बोलणीं केलीं. अखेर कंपनीच्या संमतीनें वर्गणी पुनः सुरू झाली. मागणी ३० हजार डॉलरची होती. जमले दीड लाखांहून अधिक. २०१३ सालीं संग्रह बाहेर पडला आणि तो ऐकणाराला फुकटच राहिला. दोन्ही बाजूंनीं थोडी समजूत दाखविली म्हणून हें साधलें. कंपनीचा हक्क खरा, आणि चाहत्यांचे श्रमही खरे. एकानें दुसऱ्याला खोटें ठरविण्यांत कोणाचेंच हित नाहीं. पुढें रीतसर परवाने काढून असे संग्रह विकण्याचाही मार्ग निघाला. 'मटेरिया कलेक्टिव्ह' या मंडळींनीं २०१५ सालीं 'फायनल फँटसी ७' च्या संगीतावरचा आपला मोठा संग्रह तसा काढला.

कोणी म्हणेल कीं एवढी शक्ति या तरुणांनीं स्वतःच्या नव्या चाली बांधण्यांत कां खर्च केली नाहीं? दुसऱ्याच्या चालीवर आयुष्य कां घालवावें? प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर अनुभवानें दिलें आहे. चाली बांधावयाला शिकण्याची शाळा त्यांना येथें मिळाली. मुदत पाळणें, टीका ऐकून घेणें, दुसऱ्याच्या कामासाठीं आपल्या कामाला मुरड घालणें, हें शिकून त्यांतले कित्येक पुढें स्वतंत्र रचनाकार झाले. अव्हेर्सा यांनींही पुढें खेळांना स्वतःचें संगीत दिलें. दुसऱ्याचें ऋण मोकळेपणीं मान्य करणाराला स्वतःचें कांहीं उभें करतांना संकोच वाटत नाहीं.

ही हकीकत आजच सांगण्याचें आणखी एक कारण आहे. अलीकडे यंत्राला दोन ओळींत आपली इच्छा सांगितली कीं तें क्षणार्धांत चाल तयार करून देतें. ती कोणाकोणाच्या गाण्यांवरून शिकून तयार झाली, याची नामावलि मात्र ऐकणाराच्या हातीं येत नाहीं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीं एकेका रचनाकाराचें नांव झांकलें जाई. आतां हजारोंचीं नांवें एकदम झांकलीं जाण्याची वेळ आली आहे. अशा वेळीं त्या हौशी वादकांचा रिवाज आपणां सर्वांस उपयोगी पडणारा आहे. त्यांच्याजवळ ना सत्ता होती ना पैसा. त्यांनीं एवढेंच केलें कीं ज्याची चाल घेतली त्याचें नांव शोधून काढून वर लिहिलें, ज्यानें साथ केली त्याचें खालीं लिहिलें, आणि मग आपलें वाद्य उचललें. घरांतील मुलांनीं पुढच्या वेळीं ती 'कटकट' सुरू केली तर आवाज कमी करावयास सांगण्यापूर्वीं, ही चाल कोणी बांधली रे, असें त्यांना विचारून पाहावें. उत्तर त्यांना पाठ असण्याचा संभव आहे. नसलें तर तें शोधून काढण्यास सांगावें. इतिहासाचा तो एक लहानसा धडा होईल.